परत कितीला बघायचं?

आमच्या कॅज्युअल्टीत लसीच्या फ्रिजशेजारी काचेच्या नव्याकोऱ्या टेस्ट ट्यूबचा खोका असतो. दुसऱ्या कुणी त्यातली एखादी उचलली की रात्रपाळीच्या सिस्टर चारचौघांत झापतात. ट्यूब तशी काही रुपयांची, पण फुरसं चावलेला माणूस आला की अर्धा निर्णय तीच देते. शिरेतून दोन मिलिलीटर रक्त काढायचं, ट्यूबमध्ये सोडायचं, ती उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर गुठळी जागची हलत नाही. विष भिनलं असेल तर रक्त पाण्यासारखं काचेवरून ओघळतं.

ट्यूब कोरीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला सुरुवात होते. प्लास्टिकमध्ये तसं होत नाही, आणि साबणाने धुतलेल्या काचेचाही तो गुण जातो. मग धडधाकट माणसाचं रक्तसुद्धा पातळ दिसतं आणि त्याला विनाकारण प्रतिविष टोचलं जातं.

ही वीस मिनिटं नव्या रेसिडेंटला फार जड जातात. बाहेर नातेवाईक दाटीवाटीने उभे. कुणी पायाला करकचून बांधलेल्या सुंभाकडे बोट दाखवतो, कुणी मोबाइलमधला सापाचा फोटो नाकासमोर धरतो. ‘अजून इंजेक्शन का नाही?’ हा प्रश्न दर दोन मिनिटांनी येतो. तेवढ्यात करण्यासारखं बरंच असतं. हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवी लाल आहे का, पापण्या जड झाल्यात का, हे पाहायचं. सुंभ मात्र लगेच तोडायचा नाही. आधी सलाईनची सुई लावायची, प्रतिविष हाताशी ठेवायचं, मगच गाठ सैल करायची. नाहीतर अडवून धरलेलं विष एकदम अंगभर पसरतं.

रक्त ओघळलं की दहा कुप्या. प्रतिविषाची पूड असते. त्यात पाणी घालून कुपी दोन्ही तळव्यांत धरून हलकेच फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो आणि तो बसेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. लहान मुलालाही तेवढ्याच कुप्या, कारण समोर मूल आहे म्हणून साप काही विष कमी टाकत नाही. औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे अंगावर पित्त उठणं, दम लागणं, रक्तदाब कोसळणं, काहीही होऊ शकतं. अॅड्रिनॅलीन भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तयार हवी. प्रतिविषासाठी लागणारं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळांच्या सहकारी संस्थेतून येतं. कोकणच्या सड्यावरचं फुरसं तिकडच्या फुरशाला किती जवळचं, ही शंका इथल्या प्रत्येक डॉक्टराला कधी ना कधी चाटून जाते. आणि हम्प-नोज्ड पिट वायपर चावला असेल, तर त्यावर हे औषध चालतच नाही.

कुप्या गेल्या म्हणजे सुटलो असं नाही. प्रतिविषाने विष थोपवलं, तरी रक्त गोठवणारे घटक यकृताने नव्याने बनवायचे असतात. त्याला सहाएक तास लागतात, म्हणून सहा तासांनी पुन्हा नवी ट्यूब, पुन्हा वीस मिनिटं.

इमर्जन्सी मेडिसिन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धावपळ येते. ट्रॉली ढकलत पळणारे डॉक्टर, छातीवर दाब, आरडाओरडा. तेही असतं, पण थोडा वेळ. शिकायचं असतं ते दुसरंच: त्याच खाटेपाशी ठरल्या वेळी परत जाऊन तोच माणूस नव्याने बघणं. पाळी बदलताना आमच्याकडे निदानापेक्षा घड्याळ आधी विचारलं जातं: शेवटचं कितीला बघितलंस, परत कितीला बघायचं? देशात या विषयाला पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली 2009 मध्ये. त्यामुळे शिकवणाऱ्यांतले बरेच मुळात सर्जरी, मेडिसिन किंवा भूलशास्त्रातले. टेबलावर जाडजूड अमेरिकन ग्रंथ. त्यातला रॅटलस्नेक वाचून झाला की माणसाने सिस्टरांकडे जाऊन बसावं.

विंचवाच्या बाबतीत मात्र अमेरिकेकडे बघायची गरज नाही. तो धडा महाडचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली धट्टीकट्टी पोरं त्यांच्यासमोर फुप्फुसांत पाणी होऊन दगावत होती. ते रुग्णांच्या उशाशी बसून राहिले आणि दिसेल ते टिपत गेले. त्यांची निरीक्षणं 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरायला सुरुवात केली आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढं मोठं काम लहानशा केंद्रात, बिनयंत्राचं झालं, याचं मला पुरस्कारापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

‘डाक्टरानू, झिलाक इचू चावलो. आता दुखणा नाय म्हणता, पण घाम कित्याक येता?’ असं एखादी आई विचारते तेव्हा कान टवकारायचे. चावल्या जागी ठणका लागून जो बोंबलतोय, त्याची काळजी सहसा कमी. ज्याला फार दुखत नाही, पण जो घामाने निथळतोय, उलट्या करतोय, ज्याचे हातपाय गार पडलेत, तो धोक्यातला. विषाने शरीरात अॅड्रिनॅलीनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार पडतो. प्राझोसिन तो विळखा सोडवतं. मुलांना किलोमागे तीस मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी. गोळी साधीच हवी, हळूहळू विरघळणारी नव्हे. पोराला आडवं ठेवायचं, कारण पहिल्या डोसनंतर उठून बसलं तर चक्कर येऊन कोसळेल. आईला नेमकं त्याला मांडीवर घ्यायचं असतं.

पुढचं काम तळहाताचं. दर अर्ध्या तासाने मुलाच्या गुडघ्यापासून खाली हात फिरवायचा. गारवा आधी पोटरीपर्यंत असतो, मग घोट्यावर येतो, मग फक्त बोटांत उरतो. पाय गरम झाले की डोस थांबवायचे. मॉनिटरवरचा आकडा पाहून दुरूनच ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या ज्युनिअरला आमचे सर एकच विचारतात, ‘पाय बघितलेस?’

मासेमारीचे दिवस असले की सकाळी रापणीवरून कुणीतरी लंगडत येतो. उथळ पाण्यात पाकटावर पाय पडलेला असतो. मोठमोठी माणसं कळवळतात. यावर पहिला उपाय म्हणजे बादलीभर गरम पाणी. पाकटाचं विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून सोसवेल इतक्या, पंचेचाळीस अंशांपर्यंतच्या पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवायचा. पाणी आधी दुसऱ्या, चांगल्या पायाने तपासायचं, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. मावशी दर दहा मिनिटांनी किटली घेऊन येतात आणि पाकट खाल्लं कुणी, चावलं कुणाला, अशी थट्टाही करून जातात. मग एक्स-रे, काट्याचा तुकडा आत राहिला असला तर जखम चिघळते.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा पाकटं थांबतात. त्याआधी आंब्याच्या मोसमात फवारणीचं औषध पोटात गेलेले येतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. अॅट्रोपिनच्या तीन-चार अॅम्प्युल्सने सुरुवात करायची आणि पाच मिनिटांत छाती कोरडी झाली नाही तर डोस दुप्पट. परत दुप्पट. प्रत्येक अॅम्प्युलमध्ये जेमतेम 0.6 मिलिग्रॅम. एक सिस्टर नुसत्या काचा फोडत बसते, तिच्या बोटांना चिकटपट्ट्या लागतात.

डोक्याला मार लागलेला रुग्ण आला की वेगळा हिशेब. न्यूरोसर्जन इथे नाही, म्हणून ‘बांबोळीक नेवा’, म्हणजे गोव्याच्या मेडिकल कॉलेजात न्या, हे वाक्य नातेवाईकांच्याच तोंडून आधी येतं. पण बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालायची तर ती इथेच, उजेडात, चौघांच्या मदतीने. गोव्याच्या सीमेवर, पत्रादेवीच्या अलीकडे हलत्या गाडीत ते होत नाही. नळी घालण्यात जाणाऱ्या वीस मिनिटांवरूनही वाद होतात. तेव्हा मी वाद घालत नाही, नळी घालते.

आणि मग पर्यटक. सुट्टीच्या दिवशी समुद्रात गटांगळ्या खाल्लेला मुलगा स्वतःच्या पायांनी चालत येतो, खोकतो, ‘मी बरा आहे’ म्हणतो. पोट दाबून पाणी काढायचा उद्योग किनाऱ्यावर कुणीतरी केलेलाच असतो. त्याने उलटीच फुप्फुसांत जायची भीती. अशा मुलाला सहा-आठ तास ठेवून घ्यावं लागतं. छातीत नंतर आवाज येऊ शकतो, ऑक्सिजन हळूच उतरू शकतो. हे बापाला पटवणं ही आमच्या प्रशिक्षणातली सगळ्यात कठीण प्रक्रिया.

‘मॅडम, बारा वाजता चेक-आउट आहे. संध्याकाळची गाडी आहे पुण्याची.’

‘चार वाजता परत तपासते. मग बोलू.’

‘पण तो तर चिप्स खातोय!’

चिप्स बाजूला ठेवायला सांगितले, ऑक्सिजनची चिमटी बोटाला परत लावली. बाप थोडा वेळ आकडा बघत उभा राहिला, मग म्हणाला, ‘मग रूम सोडून येऊ का तोवर?’

‘या सोडून. येताना त्याचे सुके कपडे आणा.’