वाढत्या अंगाचा बूट

आमच्या लहानपणी बडोद्यास बूट घेताना पावलाचे माप कोणी घेत नसे. माप घेत ते पुढच्या दिवाळीचे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आम्ही चार भावंडे, आणि वडिलांचा दुकानदाराला एकच हुकूम, "वाढत्या अंगाचे द्या." मग चवड्यापुढे कापसाचा बोळा कोंबून आम्ही वर्षभर फटक फटक करीत शाळेत जात असू. बूट पायाला बरोबर येऊ लागे तोवर त्याचा तळ गेलेला असे. तरीही या व्यवहारात काही चुकते आहे, असे मला इतक्या वर्षांत कधी वाटले नाही. ते वाटायला कॅनडातल्या एका दुकानात, स्टुलावर बसलेल्या नातीच्या पायाशी उभे राहावे लागले.

माझी लेक टोरांटोजवळ राहते. आपल्याकडे गल्लीत जसे क्रिकेट, तसे तिकडे आइस हॉकी. १८७५ च्या ३ मार्चला मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये छपराखालचा पहिला जाहीर सामना झाला, आणि पुढे ही गोष्ट त्या देशाच्या अंगात अशी भिनली की हिवाळ्यात शाळेतल्या मुलांच्या तोंडी दुसरा विषय नसतो. आमच्या नऊ वर्षांच्या नातीनेही हट्ट धरला. लेकीने फोनवर मला विचारले, तेव्हा मी वडिलांचाच वसा पुढे चालवला. म्हटले, "दोन नंबर मोठेच घे. दोन हिवाळे निघतील. आत लोकरीचे मोजे घाल दोन."

पुढच्या हिवाळ्यात मी तिकडे गेलो, तेव्हा पोरगी हॉकी सोडायच्या बेतात होती. बर्फावर उभी राहिली की तिचे दोन्ही घोटे आत कलत, दहा पावलांत ती बसकण मारी, आणि बरोबरच्या मुली भुर्रकन पुढे निघून जात. "मला नाही जमणार, आजोबा," ती म्हणाली. "माझे पायच तसे आहेत." तक्रारीचा सूर नव्हता. तिने ते ठरवूनच टाकले होते.

लेक म्हणाली, "बाबा, सोडायच्या आधी एकदा जाणत्या माणसाला दाखवू या."

दुकानातला गृहस्थ पन्नाशीचा, शांत. त्याने जुन्या स्केटच्या नाड्या सैल केल्या, नातीला बोटे पार पुढे सरकवायला सांगितली, आणि टाचेमागे आपले बोट घातले. एक गेले, दुसरे गेले, तिसरेही गेले. "एक बोट मावले तर चालते," तो म्हणाला, "तेही वाढत्या मुलाला. हिचे पाय उत्तम आहेत. हे बूटच हिचे नव्हते." नातीने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या काठ्यांकडे पाहू लागलो.

मग त्याने जे सांगितले ते मी टिपून घेतले. ते वाचकांपुढे ठेवतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे आता बर्फाच्या देशांत आहेत.

पहिली गोष्ट अशी की स्केटचा नंबर आणि चपलाबुटांचा नंबर एक नव्हे. रोजच्या बुटापेक्षा स्केट बहुधा एक ते दीड नंबर लहान येतो. नाड्या बांधून सरळ उभे राहिले की बोटांची टोके पुढच्या टोपीला जेमतेम शिवावीत. गुडघे वाकवून खेळाच्या पवित्र्यात आले की टाच मागे बसावी आणि बोटे किंचित सुटी व्हावीत. टाच तर खिळल्यासारखी जागच्या जागी हवी. मोजा पातळ आणि एकच. जाड मोज्याने बूट घट्ट होत नाही, पाय आत फिरत राहतो. लांबीप्रमाणे रुंदीही निरनिराळी मिळते, आणि आमच्या घरचे चपटे, रुंद चवडे पाहून त्याने रुंद जातीचाच जोड काढला. बुटाची खोली पाहायची त्याची युक्ती मला फार आवडली. नाड्या न बांधता वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर त्याने आडवी पेन्सिल ठेवली. पेन्सिल दोन्ही कडांवर सपाट बसली तर बूट पुरेसा खोल. पावलावरच टेकून डुगडुगली तर उथळ.

वाढीला किती जागा ठेवावी, हे मी विचारलेच. सवय जाते कुठे? तो म्हणाला, "अर्धा नंबर. त्यापुढे नाही." कारणही दिले. सगळ्या अंगाचा भार सुमारे तीन मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर तोलायचा असतो. आत पाऊल हलले की घोटा कलतो, घोटा कलला की पाते कलते, आणि मग पोराची सगळी ताकद नुसते उभे राहण्यातच खर्च होते. ऐकता ऐकता मला आमच्या आखाड्याची आठवण झाली. वडील बूट वाढत्या अंगाचे घेत, पण कुस्तीचा लंगोट वाढत्या अंगाचा कधी घेतला नाही.

जोड ठरल्यावर त्याने तो चक्क भट्टीत घातला. बुटाच्या आत असे द्रव्य असते की सुमारे ऐंशी अंशांच्या उष्णतेत काही मिनिटे ठेवले की ते मऊ पडते. गरम बूट पायात चढवून, नाड्या ओढून, दहा-पंधरा मिनिटे हलू न देता बसवले की तो पावलाचा आकार धरतो. त्यानंतर एक दिवस तो बर्फावर न्यायचा नाही. सगळेच बूट असे तापवता येत नाहीत, तेव्हा हे काम घरच्या चुलीवर करू नये, दुकानावर सोपवावे.

नव्या स्केटचे पाते आधी धार लावून घ्यावे लागते. ही धार सुरीसारखी नसते. गोल सहाणेने पात्याच्या तळाला लांबीभर बारीक पन्हळ पाडतात आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा राहतात. बर्फ धरतात त्या या कडा. पन्हळ खोल असेल तर पकड जास्त, वळणे आणि थांबणे नेमके. उथळ असेल तर घसरण मोकळी, पाय कमी दमतात. ही खोली सहाणेच्या त्रिज्येवरून मोजतात. अर्ध्या इंचाचे माप बहुतेकांना चालते. एक इंचाने पन्हळ अगदी उथळ होते. दोन्ही कडा सारख्या उंचीच्या आहेत का, हे पात्यावर आडवे नाणे ठेवून पाहता येते. बर्फावरून उतरले की पाते पुसावे, फरशीवर चालताना वर म्यान चढवावे, पण घरी आल्यावर ते काढून ठेवावे. ओल आत राहिली की गंज चढतो.

स्केट झाले, आता कवचे. नडगीचे कवच गुडघ्याच्या वाटीवर नेमके मध्यभागी बसावे. कोपराचे कवच हातमोज्यापर्यंत पोचावे, मध्ये उघडी कातडी राहू नये. हेल्मेट भुवयांच्या वर एक बोट अंतरावर सपाट बसावे आणि मान हलवली तरी जागचे हलू नये. नातीने एवढी यादी ऐकून नाक मुरडले, तेव्हा त्या गृहस्थाने तिला जाक प्लांटची गोष्ट सांगितली. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये या गोलरक्षकाच्या तोंडावर चकती आदळली. टाके घालून तो परतला तो मुखवटा लावूनच, आणि त्यानंतर मुखवट्याची लाज हळूहळू सुटली. डोक्याच्या बाबतीत शहाणपण उशिरा आले. १९६८ च्या जानेवारीत बिल मास्टरटन हा हेल्मेट न घालणारा खेळाडू बर्फावर डोके आपटून दोन दिवसांनी गेला, तरी तिथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक संघटनेने नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचे केले ते १९७९ साली. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये ॲडम जॉन्सन या खेळाडूच्या गळ्याला प्रतिस्पर्ध्याच्या स्केटचे पाते लागले व तो दगावला. ही शेवटची हकीकत त्याने नातीला नव्हे, मला बाजूला घेऊन सांगितली. कॅनडात मुलांना हेल्मेट, तोंडावरची जाळी आणि गळपट्टा या तिन्ही गोष्टी, प्रमाणित केलेल्या, सक्तीच्या आहेत. मी गळपट्टा दोनदा तपासून घेतला.

"मग वाचवायचे कुठे?" मी शेवटी विचारले. त्यालाही उत्तर होते. नडगीची, कोपरांची, खांद्यांची कवचे आणि हॉकीची चड्डी खुशाल जुनी घ्यावी. मुले ती झिजायच्या आत मोठी होतात. स्केटही जुने चालतात, मात्र घोट्यापाशी बूट पिचलेला नसावा, पात्याचे पोलाद धारेने फार झिजलेले नसावे, आणि मुख्य म्हणजे ते आजच्या पावलाला बसावेत. हेल्मेट मात्र नवे घ्यावे. जुन्याने किती आघात सोसले हे वरून दिसत नाही. हा हिशेब वडिलांनाही पटला असता. हंगाम संपल्यावर लहान झालेला जोड विकावा किंवा शेजारच्या पोराला द्यावा, ही रीतही आपल्या ओळखीचीच.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला आम्ही रिंकवर होतो. नाड्या मी बांधल्या. चवड्यावर सैल, घोट्याला घट्ट. नात कठड्याला धरून निघाली, कठडा सोडला, चार हातांवर पडली, उठली, पुन्हा निघाली. घोटे सरळ होते. एक फेरी करून ती माझ्यासमोर थांबली, नीट थांबली नाही, कठड्यावर आदळून थांबली, आणि जाळीआडून ओरडली, "आजोबा, बूट हलतच नाहीत!"

परत आल्यावर दिवाळीत धाकट्या भावाच्या नातवाला बूट घ्यायला मी बरोबर गेलो होतो. दुकानदाराने सवयीने विचारले, "वाढत्या अंगाचे देऊ ना, काका?"

मी म्हटले, "आधी त्याचा पाय मोजा."