आभाळाचा सातबारा

यवतमाळ जिल्ह्यात धुऱ्यावरून वाद निघाला की आधी दोन कागद काढतात : सातबारा आणि फेरफार. शेत कुठलं, केवढं, त्यात काय पेरलं हे सातबारा सांगतो. ते आजच्या नावावर कसं चढलं हे फेरफार. आभाळाच्या चित्रालाही हे दोन्ही लागतात, आणि ते चित्राच्याच फाइलीत, अगदी डोक्यावर लिहिलेले असतात. त्या फाइलीच्या घडणीचं नाव फिट्स.

पूर्वी प्रत्येक वेधशाळेची चुंबकीय फीत आपल्याच भाषेत बोलायची. एकीची फीत दुसरीकडे नेली की उलगडत नसे. १९८१ साली वेल्स, ग्रायसन आणि हार्टन यांनी सगळ्यांना चालेल असा साचा मांडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खगोल संघानं तो उचलून धरला. माथ्यावरची प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, अशा ३६ ओळींचा एक गठ्ठा, म्हणजे २८८० बाइट. सदतिसावी ओळ आली की दुसरा पूर्ण गठ्ठा. उरलेली जागा कोरी.

या ओळींत मोजणीदाराचंच काम चालतं. ‘सीआरपिक्स’ चित्रातला एक ठिपका धरते, तो हद्दीचा दगड. त्या दगडाचं आभाळातलं ठिकाण ‘सीआरव्हॅल’ देते. एका ठिपक्यापासून पुढच्यापर्यंत किती सरकायचं, ती साखळी ‘सीडेल्ट’. गोल आभाळ सपाट कागदावर कोणत्या रीतीनं पसरलं, तेही नोंदवावं लागतं. शिवाय साल हवंच. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे १९५० आणि २००० च्या आखणीत जवळजवळ पाऊण अंशाचा फरक पडू शकतो. साल चुकलं तर दुर्बीण पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून जास्त हुकेल.

‘हिस्ट्री’ या ओळी म्हणजे फेरफार : कोणत्या प्रणालीनं चित्रावर काय संस्कार केले, त्याची एकाखाली एक नोंद.

महाराष्ट्रात हा व्यवहार पाहायचा तर जुन्नर तालुक्यातलं खोडद. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची कच्ची नोंद ‘एलटीए’ या घरच्या साच्यात उतरते. मग ‘लिस्टस्कॅन’ तिची यादी काढतं आणि ‘जीव्हीफिट्स’ तिचं फिट्स करतं. २०१० ते २०१२ मध्ये इथून १५० मेगाहर्ट्झवर आभाळाची पाहणी झाली. तीच जपलेली नोंद हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्यानं उकलली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात ९० टक्के आभाळ आणि सहा लाखांवर रेडिओ-स्रोत आले. कोणती अँटेना, कधी, कुठे रोखली होती हे लिहिलेलं नसतं, तर त्या साठ्याचं काहीच करता आलं नसतं.

अर्थात, लिहिलं म्हणजे खरंच असं नाही. सातबारा जसा उलट पुरावा येईपर्यंतच खरा मानतात, तसंच इथं. म्हणून चित्रातले ओळखीचे स्रोत जुन्या यादीशी ताडून पाहतात आणि सरकलेला दगड जागेवर आणतात.

८० अक्षरांची मोजणी आली ती भोकं पाडलेल्या जुन्या संगणकीय कार्डांवरून. कार्डं कधीच गेली. पण एकदा फिट्स झालेली फाइल पुढेही उघडलीच पाहिजे, असा दंडक आहे. म्हणून ८० राहिले. आपल्याकडे ३३ फुटांची साखळी गेली, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. बोलताना मात्र ३३ फूट चौरसाचा गुंठाच तोंडात येतो.