कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या डोंगरांवर वसंतात मेंढ्या कोकरांसह चरायला सोडतात, आणि नेमका तोच गोचिडींचा भराचा हंगाम असतो. इक्झोडीस रिसिनस ही इथली मुख्य गोचीड. कोरडी हवा तिला सोसत नाही. नेच्यांच्या आणि हीदरच्या झुडपांच्या मुळाशी साचलेल्या दमट थरात ती राहते, भूक लागली की गवताच्या पात्यावर चढते आणि पुढचे पाय पसरून जनावराची वाट बघते. तिचं आयुष्य साधारण तीन वर्षांचं. त्यात तीन अवस्था, आणि प्रत्येक अवस्थेत रक्त प्यायचं ते एकदाच. एका जनावराकडून घेतलेला जंतू ती पुढच्या अवस्थेत दुसऱ्याला देते.

अर्गाइलमध्ये एका पशुवैद्यक बाईंचं काम जवळून बघायला मिळालं. काळ्या तोंडाच्या मेंढ्यांचा कळप होता. त्यातलं एक कोकरू मान खाली घालून मागे रेंगाळत होतं. मेंढपाळानं ते दोन गुडघ्यांत धरलं. ताप ४१.३ अंश सेल्सियस. बाईंनी काखेत, जांघेत, कानामागे बोटं फिरवली. लोकर विरळ होती तिथे गोचिडी चिकटलेल्या होत्या, काही रक्त पिऊन टम्म फुगलेल्या. मेंढपाळ इंजेक्शनची वाट बघत होता. बाईंनी आधी रक्त घेतलं. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक एकदा अंगात गेलं की जंतू रक्तातून झपाट्यानं कमी होतात, मग काचेवर काही सापडत नाही.

कानाच्या कडेची शीर टोचून आलेला थेंब त्यांनी काचपट्टीच्या टोकाशी घेतला. दुसरी काचपट्टी तिरकी धरून थेंबाला टेकवली, रक्त कडेनं पसरू दिलं आणि एका दमात पुढे ओढली. हात अडखळला तर पेशी एकमेकींवर चढतात. काच हवेत वाळली, मिथेनॉलमध्ये बुडाली, आणि प्रयोगशाळेत तिला जिम्साचा रंग दिला.

सूक्ष्मदर्शकाखाली तेलाचा थेंब टाकून बाईंनी काचेची पातळ कड शोधली, कारण पांढऱ्या पेशी तिथेच जास्त गोळा होतात. केंद्रकाचे अनेक तुकडे दिसणारी न्यूट्रोफिल पेशी आली की थांबायचं. पाचसहा पेशी स्वच्छ गेल्या. पुढच्या पेशीत, केंद्रकाच्या बाजूला, तुतीच्या फळासारखा निळसर-जांभळा घोस होता. हा ॲनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम. जंतूंना गिळून मारणं हे ज्या पेशीचं काम, तिच्याच पोटात तो वाढतो.

या जंतूमुळे होणारा गोचीडताप पहिल्यांदा ओळखला गेला तो स्कॉटलंडमध्येच. स्कॉटिश शेतकऱ्यांनी १९२० साली पुढाकार घेतला आणि त्यातून एडिंबराची मोरडन संस्था उभी राहिली. तिथे लाउपिंग इल या मेंढ्यांच्या मेंदूच्या विषाणूजन्य रोगावर काम चालू होतं. गोचिडी लावलेल्या मेंढ्यांना ताप यायचा, पण त्यातला काही ताप त्या विषाणूचा नव्हताच. गॉर्डन, ब्राउनली, विल्सन आणि मॅक्लाउड यांनी १९३२ साली हा गोचीडताप वेगळा काढला.

निव्वळ या तापानं मेंढी सहसा मरत नाही. पण पांढऱ्या पेशी घटतात, उरलेल्या नीट काम करत नाहीत, आणि इतर जंतूंना वाट मोकळी होते. त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस रक्तात शिरला की कोकराच्या सांध्यांत आणि मणक्यांत पू होतो, ते लंगडतं, कधी कायमचं अधू होतं. लाउपिंग इलही अशा अंगात जास्त जोर धरतो.

गोचिडीच पसरवतात, पण तांबड्या पेशींत राहतो, तो बबेसिया हा परजीवी वेगळा. माणसालाही होऊ शकणारा बबेसिया व्हेनेटोरम स्कॉटलंडच्या ईशान्य भागातल्या मेंढ्यांत सापडल्याचं २०१९ साली प्रसिद्ध झालं. म्हणून काच वाचताना बाई तांबड्या पेशींवरही नजर ठेवत होत्या.

काचेवर जंतू दिसला तरी काम अर्धंच होतं. त्याच डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मेंढ्यांना लहानपणीच ताप येऊन गेलेला असतो. त्यांच्यात थोडीफार प्रतिकारशक्ती टिकते. गोचिडी नसलेल्या भागातून विकत आणलेली गाभण मेंढी त्याच गवतावर गेली, तर तिला ताप भरतो आणि ती गाभडते. त्यामुळे बाईंचे प्रश्न रक्ताइतकेच डोंगराबद्दल होते: कुठल्या उतारावर चरल्या, कधी सोडल्या, नव्या किती, गोचिडींवरचं औषध कधी ओतलं. उत्तरं मेंढपाळाकडे होती, आणि त्यांच्याशिवाय त्या काचेचा अर्थ लागला नसता.

महाराष्ट्रातल्या गोचिडी वेगळ्या, आणि मेंढ्यांत त्या पसरवतात ते थायलेरियोसिससारखे आजारही वेगळे. पण क्रम तोच हवा. तापलेल्या मेंढीला सुई टोचण्याआधी रक्ताची एक काच करून ठेवावी, आणि कळप कुठून कुठे फिरला हे धनगराला विचारून त्या काचेसोबत लिहून द्यावं. त्याला पाच मिनिटं लागतात. ती वाचवली, तर मेंढी बरी झाली तरी कळपात काय फिरतंय ते कळत नाही, आणि पुढच्या हंगामात तेच नुकसान पुन्हा धनगराच्याच माथी येतं.