हरलेल्या डावाचा अभ्यास

आमच्या हिंगोलीकडे जुनी माणसे पारावर कापडी पट पसरून देशी बुद्धिबळ खेळत. त्या खेळात प्यादे एका वेळी एकच घर पुढे सरते. नातवाने विलायती नियमाने पहिल्याच चालीत प्यादे दोन घरे टाकले, की आजोबा ते मागे घ्यावयास लावीत. हा एका घराचा फरक वाटतो तितका क्षुल्लक नाही.

इ. स. १८५०च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर राहत असत. बंगालच्या खेड्यातील महेशचंद्र बॅनर्जी हे कोणालाही हार जात नाहीत, अशी ख्याती त्यांच्या कानी आली व दोघांची गाठ पडली. देशी खेळात वाढलेल्या महेशचंद्रांना किल्लेकोटाचा विलायती नियम ठाऊक नव्हता. पुढे दोघांनी शेकडो डाव खेळले.

त्यांपैकी १८५५ सालचा एक डाव पटावर मांडून पाहू. काळी मोहरी महेशचंद्रांची. पांढऱ्याने पहिल्या दोन चालींत दोन प्यादी दोन-दोन घरे पुढे आणून पटाचा मध्य व्यापला. महेशचंद्रांनी मात्र आधी राजाकडील घोडा काढला आणि मग त्याच बाजूचे, घोड्याच्या मूळ घरापुढील प्यादे केवळ एक घर सरकवले. ही भित्री चाल वाटेल. पण त्यामुळे मोकळ्या झालेल्या घरात चौथ्या चालीला उंट येऊन बसला. तेथून त्याचा मारा तिरकस रेषेने थेट मध्यावर होतो. मधल्या तिसऱ्या चालीला त्यांनी वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकले. पाहा, जुनी सवय आणि नवा नियम एकाच डावात! आठव्या चालीला आणखी एक प्यादे दोन घरे पुढे येऊन पांढऱ्याच्या मध्यातील प्याद्याला भिडले. शत्रूला मध्य बळकावू द्यावा आणि मग बाजूंनी त्यावर मारा करावा, हे या प्रारंभाचे मर्म होय. अशा प्रारंभांना पुढे 'भारतीय बचाव' हे नाव मिळाले.

महेशचंद्र हा डाव हरले. मग प्रारंभच चुकीचा होता काय? सतराव्या चालीस कॉक्रेन यांचा घोडा पुढे घुसला. काळ्या राजाजवळच्या एका प्याद्यावर आता घोडा आणि वजीर असे दोघे रोखलेले होते. पुढच्याच चालीत घोड्याने ते प्यादे मारले आणि तीन चालींत मात अटळ झाली. प्रारंभ तर केव्हाच संपला होता! १९२२ साली ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हाच प्रारंभ मोठ्या स्पर्धांत खेळून दाखवला. आज तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.