रंग आपला, पाणी कोणाचे?

गेल्या स्नेहसंमेलनासाठी अर्थशास्त्र मंडळाचे पन्नास टी-शर्ट आणण्याचे काम माझ्याकडे आले. दुकानदाराशी घासाघीस करून मी नगामागे वीस रुपये कमी करून घेतले आणि मैत्रिणींची शाबासकी मिळवली. खोक्यावर ‘तिरुपूर’ असे छापले होते. हे गाव कोणते, या कुतूहलापोटी मी वाचू लागले आणि त्या शाबासकीची थोडी लाज वाटू लागली.

तमिळनाडूतील तिरुपूर हे होजिअरीचे देशातील मोठे केंद्र. विणाई, रंगाई, शिलाई असे टप्पे पार करीत, अनेक लहानमोठ्या कारखान्यांतून फिरून एक टी-शर्ट तयार होतो. यांपैकी नदीला सर्वांत जड जाते ती रंगाई. सुती कापडावर रंग नीट चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. रंग बराचसा धाग्याला धरतो. मीठ मात्र कापडात न राहता पाण्याबरोबर बाहेर पडते. साध्या शुद्धीकरणाने पाण्याचा रंग पुष्कळसा जातो, पण विरघळलेले मीठ जात नाही. म्हणजे दिसायला निवळ असलेले पाणीही शेतीला मारक ठरू शकते.

हे सांडपाणी वर्षानुवर्षे कावेरीची उपनदी नोय्यल हिच्यात जात राहिले. या नदीवर ओरथुपाळयम येथे १९९२ साली सिंचनासाठी धरण झाले. त्यात रंगाईचे पाणी साठू लागले. ज्यांच्यासाठी धरण बांधले, त्या शेतकऱ्यांनाच ते पाणी नकोसे झाले. प्रकरण न्यायालयात गेले. कारखान्यांनी सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडू नये, असा मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश होता. तो पाळला न गेल्यामुळे जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने सुमारे सातशे रंगाई व ब्लीचिंग कारखाने बंद करण्यास फर्मावले.

पुढे कारखाने पुन्हा सुरू झाले ते नवी यंत्रणा बसवून. सांडपाणी दाबाखाली सूक्ष्म पडद्यांतून गाळायचे, मागे उरलेले खारे पाणी आटवायचे, आणि मिळालेले पाणी व मीठ पुन्हा रंगाईलाच वापरायचे, अशी ही रीत. उपाय चांगला, परंतु त्याला वीज आणि इंधन फार लागते.

खरा प्रश्न येथेच येतो. हा खर्च कोणी सोसायचा? ग्राहक दुकानदाराशी घासाघीस करतो, व्यापारी शिवणाऱ्याशी, शिवणारा रंगाईवाल्याशी. साखळीच्या शेवटी ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही अशी नदी तेवढी उरते. न्यायालयाचा आदेश रंगाईवाल्यापर्यंत पोहोचतो. भाव पाडणाऱ्यापर्यंत तो पोहोचत नाही.

यंदा खरेदीचे काम माझ्याकडे नाही. असते तर घासाघीस केलीच नसती, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. आमची वर्गणीही बेताचीच असते. पण भाव विचारताना, रंगाई कोठे झाली आणि तिथले पाणी कोठे गेले, एवढे मात्र नक्की विचारले असते.