स्कीचा बूट आणि पायाचा घोटा

बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा जो खेळ स्की या नांवानें प्रसिद्ध आहे, तो शिकावयास गेलेल्या मनुष्याची पहिली तक्रार बहुधा पडण्याची नसते, घोट्याची असते. पडण्याची तयारी मनानें आधींच केलेली असते. घोट्याचें दुखणें मात्र अनपेक्षितपणें गांठतें. गुलमर्ग येथें १९२७ सालीं ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनीं स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला, तेव्हांपासून या खेळाचें बस्तान काश्मीरांत बसलें. आज मुंबई-पुण्याकडील कुटुंबेंही हिंवाळ्यांत तेथें जातात, भाड्याचे बूट चढवितात, आणि दोन-तीन तासांत त्यांतील कोणीतरी लंगडत परत येतो व हा खेळ आपल्याला झेपणारा नव्हे असें ठरवून मोकळा होतो. वस्तुतः दोष खेळाचा नसतो आणि बहुधा पायाचाही नसतो. दोष बुटाच्या मापाचा असतो. आणि नवल असें कीं, पुष्कळ वेळां घोटा दुखतो तो बूट लहान पडल्यामुळें नव्हे, तर मोठा घेतल्यामुळें.

हें समजण्यास बुटाची घडण पाहिली पाहिजे. पूर्वीं हे बूट चामड्याचे व बेतानेंच उंच असत. पाय पट्टीला जखडलेला आणि घोटा मोकळा, अशी स्थिति असल्यामुळें पडतांना पिळा बसे तो घोट्याला व नडगीच्या हाडाला. नॉर्वेंत जन्मलेल्या व अमेरिकेंत स्थायिक झालेल्या ह्याल्मार ह्वाम या खेळाडूचा पाय १९३७ सालीं असाच मोडला, आणि त्यांतूनच पडतांना आपोआप सुटणारी पकड त्यानें शोधून काढली. पुढें १९६० नंतरच्या दशकांत बॉब लँग याचे प्लॅस्टिकचे बूट आले. या बुटाचें बाहेरचें कवच कठीण, आंत मऊ अस्तराचा दुसरा बूट, आणि उंची नडगीच्या मध्यापर्यंत. त्यामुळें घोट्याच्या दुखापती पुष्कळ कमी झाल्या. गुडघ्याच्या बंधांच्या दुखापतींचें प्रमाण मात्र वाढलें. पण तो विषय निराळा. येथें लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, या बुटाचें काम घोट्याला हलूं न देणें हें आहे. तो टांचेला व घोट्याला चहूंकडून सारखा धरील तरच सुखाचा. एकाच जागीं टोंचील तर शिक्षाच.

आतां आपल्याकडील पाऊल घ्या. वहाणांत किंवा अनवाणी वाढलेलें पाऊल चवड्याशीं रुंद, बोटें पसरलेलीं. दुकानांत बूट घालतांच बोटें आवळतात. मग "एक नंबर मोठा द्या" अशी मागणी होते, आणि दुकानदारही ती आनंदानें पुरवितो. बोटें सुखावतात, परंतु टांच सैल राहते. उतारावर प्रत्येक वळणाला ती वर उचलते व घोट्याचें हाड अस्तरावर घांसतें. मग मनुष्य बक्कल शेवटच्या दांत्यापर्यंत ओढतो. मोठें कवच आवळलें कीं तें पायाला बिलगत नाहीं. आंत दबून हाडावर चेपतें. रक्त नीट फिरत नाहीं, बोटें गार पडतात, म्हणून पुनः बक्कल सैल होतें, आणि टांच पुनः उचलते. दिवसभर हेंच चक्र चालतें!

यावर उपाय मापापासून सुरू होतो. भिंतीला टांच टेंकून उभें राहावें व सर्वांत लांब बोटापर्यंतचें अंतर सेंटिमीटरांत मोजावें. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे हाच आंकडा, २६.५ म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटर. शंका असल्यास अस्तर काढून नुसत्या कवचांत पाय घालावा. बोटें पुढें टेंकवल्यावर टांचेमागें दीड-दोन सेंटिमीटर, म्हणजे फार तर दोन बोटें जागा राहावी. मूठ जाईल इतकी जागा उरली तर तो बूट बिनदिक्कत परत करावा. अस्तरासह घातल्यावर ताठ उभें असतां बोटें पुढें हलकीं लागतात. गुडघे वांकवले कीं टांच मागें सरकून तीं सुटतात. हें योग्य मापाचें लक्षण असून नवशिके यालाच भितात. चवडाच खरोखर रुंद असेल तर लांबीचा नव्हे, रुंदीचा मोठा बूट मागावा.

मोजा एकच, पातळ, लोंकरीचा व लांब असावा. थंडीच्या भयानें दोन मोजे चढविल्यास त्यांच्या घड्या घोट्यावर रुततात. उबदार पायजम्याचें टोंकही बुटांत जाऊं देऊं नये. ही चूक फार सामान्य आहे. बूट घातल्यावर टांच दोन-तीनदां मागें आपटावी, नडगी पुढें रेटावी, मग घोट्याजवळचीं व वरचीं बक्कलें लावावीं. बोटांवरचें शेवटीं व अगदीं हलकें.

एवढें करूनही दुखलें तर कोठें दुखतें तें पाहावें. घोट्याचें आंतलें हाड किंचित् वर असतें, बाहेरचें खालीं. केवळ आंतलें हाड लागत असेल तर तळपायाची कमान खचून पाऊल आंत कलतें अशी शंका घ्यावी. कमानीला आधार देणारा तळ घातल्यास हाड कवचापासून दूर होतें. जाणत्या दुकानांत कवच तापवून तेवढ्या जागीं बाहेर फुगवूनही देतात. दुसरें कारण पोटरीचें. टांचा न उचलतां उकिडवें बसतां येतें त्याचा घोटा पुढें सहज वांकतो. खुर्चीवरच आयुष्य गेलेल्यांची पोटरी आंखडते, आणि बुटांत टांच उचलूं लागते. अशांनीं प्रवासाआधीं महिनाभर पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम करावा. टांचेखालीं लहानशी पाचर घातल्यानेंही आराम पडतो.

बोटें बधिर होऊन पांढरीं पडल्यास मात्र विलंब न करतां बूट काढून पाय ऊबेंत न्यावा. पडल्यानंतर घोटा दुखत असेल तर ओटावा येथील डॉक्टरांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेली कसोटी उपयोगी आहे. चार पावलें टाकतां येत नसतील, अथवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोंकावर दाबतांच कळ येत असेल, तर क्ष-किरणांचें चित्र घेतलेंच पाहिजे. बाहेरच्या घोट्यामागें कांहींतरी सटकल्याचा भास झाला तर मुरगळा समजून लेप लावीत बसूं नये. तेथील स्नायूची दोरी जागा सोडते, ही स्कीच्या खेळांतील ओळखीची दुखापत आहे, आणि ती वेळींच अस्थिवैद्याला दाखवावी लागते.