सुई चुकली तरी हद्द चुकू नये: बर्ट यांचा सोलर कंपास

मोबाईलमधला कंपास लोखंडी कपाटाजवळ नेला की भरकटतो. आता विचार करा, अशा भरकटलेल्या सुईवरून कुणाच्या जमिनीची हद्द ठरली तर? अमेरिकेतले सरकारी मोजणीदार विल्यम ऑस्टिन बर्ट यांच्यापुढे हीच अडचण होती. त्यावर त्यांनी सोलर कंपास शोधला. १८३६ मध्ये पेटंट मिळालं. यंत्र घडवलं फिलाडेल्फियाच्या विल्यम यंग यांनी.

ते चालायचं कसं? यंत्रावर तीन मापं लावायची: जागेचा अक्षांश, त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन, आणि वेळ. मग यंत्र फिरवायचं. भिंगातून पडलेला सूर्याचा ठिपका खुणेच्या रेषांमध्ये बसला, की खरी उत्तर सापडली. चुंबकाचा संबंधच नाही! अडचण एकच: ढग आले की काम थांबलं.

१८४४ मध्ये मिशिगनमधल्या निगॉनीजवळ बर्ट यांच्या तुकडीची चुंबकीय सुई भलतीकडेच वळली. शोधाशोध केली, तर लोहखनिज सापडलं. मला यातलं हे फार आवडतं: खरी उत्तर सूर्याकडून कळत होती, म्हणूनच सुई किती चुकतेय हे मोजता आलं.